मैत्रीविषयी इंग्रजीतून बोलताना पाठ केलेले वाक्प्रचार ऐनवेळी साथ का देत नाहीत?

प्रश्न : वाचनवेल

नमस्कार. आम्ही पाच जण आठवड्यातून दोनदा ऑनलाइन भेटतो आणि तासभर केवळ इंग्रजीतून बोलण्याचा सराव करतो. प्रत्येक महिन्यासाठी एक विषय ठरलेला असतो आणि या महिन्याचा विषय मैत्री हा आहे. विषय जिव्हाळ्याचा असल्यामुळे मी मनापासून तयारी केली होती. मैत्रीशी संबंधित साठेक वाक्प्रचार आणि फ्रेझल व्हर्ब (क्रियापदाला छोटा शब्द जोडून होणारे प्रयोग) मी वहीत उतरवून घेतले, प्रत्येकासमोर मराठी अर्थ लिहिला आणि सगळे पाठ केले. 'फॉल आउट' म्हणजे काय, असे कोणी विचारले असते तर मी झोपेतूनही उत्तर दिले असते.

प्रत्यक्षात एका सहकाऱ्याने मला जुन्या मैत्रिणीबद्दल सांगायला सांगितले आणि माझ्या तोंडून पहिलेच वाक्य बाहेर पडले ते 'आय डिड फ्रेंडशिप विथ हर इन स्कूल' असे. काहीतरी चुकले हे तत्क्षणी जाणवले, म्हणून सावरून घेण्यासाठी वहीतले जे आठवेल ते एकापाठोपाठ एक ओतत गेले : 'वुई आर बर्ड्स ऑफ अ फेदर, वुई आर लाइक टू पीज इन अ पॉड, शी इज माय शोल्डर टू क्राय ऑन थ्रू थिक अँड थिन.' ऐकणारे चौघेही गप्प झाले. कोणी हसले नाही, परंतु पुढचा प्रश्नही कोणी विचारला नाही, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले, कारण जिच्याबद्दल मी बोलत होते ती मैत्रीण त्या वाक्यांत कुठेच नव्हती. आमचे आठवीत जमले, नोकरी लागल्यावर एकदा बिनसले, काही महिन्यांनी पुन्हा बोलणे सुरू झाले आणि त्यानंतर कसलेही भांडण न होता आम्ही दुरावलो, एवढीच हकीकत मला सांगायची होती. मराठीत ती मी दोन मिनिटांत सांगितली असती.

अर्थ ठाऊक असूनही हे शब्द बोलण्यात योग्य जागी का येत नाहीत? वाक्प्रचार आणि फ्रेझल व्हर्ब यांपैकी आधी कशाचा सराव करावा? आणि संभाषण म्हणजे केवळ आपले सांगणे नव्हे, तर समोरच्याला बोलते करणेही आहे, त्याची तयारी कशी करावी? या मार्गाने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : भाषामित्र

आपल्या प्रश्नातले एक वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचले. 'जमले, बिनसले, बोलणे सुरू झाले, दुरावलो.' मैत्रीची आख्खी हकीकत आपण चार क्रियापदांवर उभी केली आहे आणि त्यात एकही उपमा नाही. इंग्रजी बोलणारा माणूसही स्वतःच्या मैत्रीबद्दल सांगताना नेमके हेच करतो. या चार वळणांवर तो फ्रेझल व्हर्ब वापरतो आणि बाकीची वाक्ये अगदी साधी ठेवतो. आपण साठ शब्द पाठ केलेत, परंतु ते हकीकतीच्या वळणांना बांधले नाहीत, म्हणून ऐनवेळी ते सगळे एकदम धावून आले. साठ शब्दांची वही काही दिवस बाजूला ठेवा आणि ही एकच हकीकत हाती घ्या, असे मी सुचवीन.

'जमले' यासाठी 'हिट इट ऑफ' आहे. पहिल्या एकदोन भेटींतच सूर जुळले, एवढाच त्याचा अर्थ आहे, त्यामुळे दहा वर्षांच्या मैत्रीला तो लावता येत नाही. त्यातला 'इट' काढता येत नाही आणि भूतकाळातही 'हिट' हे रूप बदलत नाही : 'वुई हिट इट ऑफ स्ट्रेट अवे.' पुढे वर्षानुवर्षे चालणाऱ्या पटण्यासाठी 'गेट अलाँग विथ' किंवा 'गेट ऑन विथ' वापरावे. पहिला प्रयोग अमेरिकेत अधिक चालतो आणि दुसरा ब्रिटनमध्ये, परंतु दोन्हीकडच्या लोकांना दोन्ही समजतात.

येथे मराठी माणसाची जीभ अडखळते, त्याला कारण आहे. आपण 'माझे तिच्याशी पटते' असे म्हणतो. या वाक्यात 'मी' कर्ता नाही. पटणे ही जणू आपोआप घडणारी गोष्ट आहे आणि आपण तिचे धनी आहोत. इंग्रजीत मात्र 'मी' उठून वाक्याच्या तोंडाशी येतो : 'आय गेट अलाँग विथ हर.' हा बदल लक्षात ठेवून भागत नाही, तो पुष्कळदा मोठ्याने बोलून अंगवळणी पाडावा लागतो. 'मैत्री केली' किंवा 'मैत्री झाली' यांचेही तसेच आहे. मराठीत मैत्री हे नाम हाताशी असते, म्हणून आपण 'फ्रेंडशिप' हा शब्द धरतो आणि त्याला क्रियापद जोडायला जातो. इंग्रजीत 'मेक फ्रेंड्स विथ' असे म्हणतात आणि त्यातले 'फ्रेंड्स' हे अनेकवचन, मैत्रीण एकच असली तरी, कायम राहते : 'आय मेड फ्रेंड्स विथ हर ॲट स्कूल.'

'बिनसले' यासाठी 'फॉल आउट' हा प्रयोग मला फार चपखल वाटतो. 'आमचे बिनसले' या वाक्यात दोष कोणाच्याही पदरात पडत नाही, आणि 'वुई फेल आउट' यातही पडत नाही. कारण सांगायचे झाल्यास पुढे 'ओव्हर' येतो : 'वुई फेल आउट ओव्हर मनी.' दोष तिचा होता असे सांगायचे असेल तर मात्र शब्द बदलावा लागतो, तेथे 'शी लेट मी डाउन' येईल. विश्वास टाकला होता आणि तिने तो राखला नाही, ही खंत त्यात आहे. 'अबोला' या एका शब्दात आपण जे सांगतो त्याला इंग्रजीत तितका नेटका शब्द नाही, म्हणून तेथे सरळ 'वुई डिडन्ट स्पीक फॉर थ्री मंथ्स' म्हणावे. प्रत्येक मराठी शब्दाला इंग्रजी वाक्प्रचार सापडलाच पाहिजे असा हट्ट धरू नये.

समेटासाठी 'मेक अप' आहे. 'पॅच थिंग्ज अप' हाही आहे, परंतु त्यातल्या 'पॅच' या शब्दाचा अर्थ ठिगळ असा आहे. संबंध सांधला गेला, पण शिवण दिसते आहे, असा भाव असेल तेथेच तो शोभतो. 'दुरावलो' यासाठी 'ड्रिफ्ट अपार्ट' घ्यावा. दोर सुटलेल्या दोन होड्या प्रवाहात हळूहळू लांब जातात, तसे ते दुरावणे आहे. दोघींचे स्वभाव आणि आवडी बदलल्या असतील तर 'ग्रो अपार्ट' म्हणावे, आणि केवळ पत्रव्यवहार वा फोन थांबले असतील तर 'लूज टच' पुरेसे आहे.

आता आपलीच हकीकत पाहा.

'वुई मेट व्हेन वुई वर थर्टीन, अँड वुई हिट इट ऑफ स्ट्रेट अवे. वुई गॉट अलाँग वेल फॉर इयर्स. देन, व्हेन वुई वर बोथ वर्किंग, वुई फेल आउट ओव्हर समथिंग स्मॉल. वुई डिडन्ट स्पीक फॉर थ्री मंथ्स. इन द एंड शी कॉल्ड मी, अँड वुई मेड अप. आफ्टर दॅट देअर वॉज नो फाइट. वुई जस्ट ड्रिफ्टेड अपार्ट.'

यात पाच ठिकाणी फ्रेझल व्हर्ब किंवा त्यासारखा प्रयोग आहे आणि उरलेले सारे शाळेत शिकलेले इंग्रजी आहे. ऐकणाऱ्याला आता विचारण्यासारखे पुष्कळ आहे : कशावरून बिनसले, तिने फोन केला तेव्हा काय म्हणाली, आता ती कुठे आहे.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली वापरली आणि ती ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवली होती. संज्ञा शंभर वर्षांची असली तरी तसे प्रयोग त्याहून कितीतरी जुने आणि घरगुती आहेत. आपले शिक्षण पुस्तकांतून झाल्यामुळे आपल्याला 'रिकन्साइल', 'टॉलरेट', 'डिसअपॉइंट' हे शब्द आधी भेटतात, आणि मित्र आपसांत जे बोलतात ते 'मेक अप', 'पुट अप विथ', 'लेट डाउन' हे शब्द उशिरा भेटतात. म्हणून आपले बोलणे शुद्ध असूनही अर्जासारखे ऐकू येते. आधी फ्रेझल व्हर्ब, मग वाक्प्रचार, असा क्रम मी सांगतो तो याच कारणाने.

उत्तर : मितभाषी

भाषामित्र यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, तथापि वाक्प्रचारांना इतके मागे ढकलू नये असे मला वाटते. वाक्प्रचार चुकतो तो संख्येमुळे आणि वजनामुळे. पाच मिनिटांच्या बोलण्यात एखादा वाक्प्रचार नेमक्या जागी आला तर ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो, आणि चार आले तर तो माणसाऐवजी शब्दांकडे पाहू लागतो. प्रश्नकर्तीच्या बैठकीत जी शांतता पसरली ती बहुधा यामुळेच.

वजनाचे उदाहरण 'बरी द हॅचेट' या वाक्प्रचाराचे घेता येईल. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्ये तह करताना शस्त्र जमिनीत पुरण्याची प्रथा होती आणि हा प्रयोग तिच्यावरून आला आहे. म्हणजे त्यामागे दीर्घ वैर गृहीत आहे. दोन दिवसांच्या रुसव्यानंतर दोघी पुन्हा बोलू लागल्या तर तेथे हा वाक्प्रचार अवजड होतो, तेथे 'मेड अप' हेच बरोबर. वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन भावांनी किंवा जुन्या मित्रांनी वैर संपवले, तर तेथे 'दे फायनली बरीड द हॅचेट' शोभून दिसेल.

'थ्रू थिक अँड थिन' हा प्रयोग चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या काव्यातही आढळतो. मुळात तो दाट झाडी आणि विरळ झाडी या दोन्हींतून वाट काढत जाण्याविषयी आहे. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर कोणत्या मित्राबद्दल तो वापरावा हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्याने खरोखर कठीण वाटेवर सोबत केली, त्याच्यासाठीच तो राखून ठेवावा, आणि त्याच्या जोडीला 'स्टिक बाय' किंवा 'स्टँड बाय' घ्यावे : 'ही स्टक बाय मी थ्रू थिक अँड थिन.' नुसता 'थ्रू थिक अँड थिन' अधांतरी सोडला, की आपल्या वाक्यासारखी गत होते. वाक्प्रचाराला धरून ठेवणारे क्रियापदही त्याच्यासोबतच शिकावे, ही माझी खास विनंती आहे.

'सी आय टू आय' याबद्दलही दोन शब्द. एकमत असणे हा अर्थ सगळे पाठ करतात, पण संभाषणात तो अधिक करून नकारार्थी येतो, हे सहसा कोणी सांगत नाही. 'वुई डोन्ट ऑल्वेज सी आय टू आय, बट आय ट्रस्ट हर.' मैत्रीबद्दल बोलताना हे वाक्य फार उपयोगी पडते, कारण मतभेद असूनही टिकलेली मैत्री हाच बोलण्याचा खरा भाग असतो. 'फेअर-वेदर फ्रेंड' म्हणजे सुखाचा सोबती. हा शब्द निंदेचा आहे, त्यामुळे ज्याच्याबद्दल बोलत आहात त्याला ओळखणारे कोणी समोर असल्यास जपून वापरावा. 'बर्ड्स ऑफ अ फेदर' यातही, दोघे एकाच माळेचे मणी, अशी किंचित टीकेची छटा पुष्कळदा येते. प्रिय मैत्रिणीसाठी मी तो निवडणार नाही. त्यापेक्षा 'वुई गो बॅक अ लाँग वे' म्हणा. आमची ओळख फार जुनी आहे, एवढे साधे सांगणे त्यात आहे आणि ते उबदारही आहे.

उत्तर : शेजारशब्द

मी केवळ एका धोक्याबद्दल लिहितो, कारण त्याचा फटका मला बसलेला आहे. फ्रेझल व्हर्बमधला छोटा शब्द बदलला की नात्याचे स्वरूपच बदलते. मित्रासोबत वेळ घालवतो हे सांगण्यासाठी 'हँग आउट विथ' आहे. मी मात्र अनेक महिने 'आय ॲम गोइंग आउट विथ हर' असे सांगत होतो, आणि त्याचा अर्थ आमचे प्रेमसंबंध आहेत असा होतो हे मला फार उशिरा कळले. त्या मैत्रिणीला या गैरसमजाचा जो त्रास झाला त्याबद्दल मला आजही वाईट वाटते. 'हुक अप' हा शब्दही केवळ भेटण्यासाठी कधी वापरू नये, कारण आजच्या बोलीत त्याचा अर्थ बहुधा शारीरिक संबंधांकडे जातो. 'हिट इट ऑफ' आणि 'हिट ऑन' यांतही तसाच फरक आहे. पहिल्यात सूर जुळतात, दुसऱ्यात कोणीतरी लगट करू पाहत असते.

'स्टँड' या एका क्रियापदाचेच पाहा. 'शी स्टुड बाय मी' म्हणजे ती संकटात माझ्या पाठीशी राहिली. 'शी स्टुड अप फॉर मी' म्हणजे इतरांसमोर तिने माझी बाजू घेतली. 'शी स्टुड मी अप' म्हणजे भेटायचे ठरवून ती आलीच नाही. कौतुक करायला जावे आणि तक्रार तोंडून निघावी, इतके हे अंतर थोडे आहे. असे जवळजवळचे प्रयोग एका वेळी एकच शिकावा, आणि तो पक्का झाल्यावरच शेजारचा हाती घ्यावा.

प्रतिसाद : वाचनवेल

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी वही मिटून, कोणतीही यादी समोर न ठेवता, ती हकीकत पुन्हा सांगितली आणि फोनवर ध्वनिमुद्रित केली. भाषामित्र यांचे वाक्य जसेच्या तसे न म्हणता स्वतःचे काही घालण्याचा प्रयत्न केला. ऐकून जे उतरवले ते असे :

'आय मेड फ्रेंड विथ हर इन स्कूल. वुई हिट ऑफ फ्रॉम फर्स्ट डे. शी इज माय फ्रेंड फ्रॉम ट्वेंटी इयर्स. वन्स आय लेट डाउन हर, बिकॉज आय फरगॉट हर इम्पॉर्टंट डे, अँड वुई फेल आउट. शी इज द पर्सन आय कॅन ओपन अप.'

यात 'लेट डाउन' मी स्वतःसाठी वापरला आहे, कारण खरे पाहता चूक माझी होती. मराठीत 'बिनसले' म्हणून मी इतकी वर्षे ती झाकत आले, हे इंग्रजीत वाक्य जुळवताना ध्यानात आले. कृपया चुका दाखवाव्यात.

उत्तर : भाषामित्र

हा प्रयत्न पहिल्यापेक्षा कितीतरी जिवंत आहे. चुका आहेत, परंतु त्या बहुतेक सगळ्या मराठीतून आलेल्या आहेत, म्हणून दुरुस्त करायला सोप्या आहेत.

'मेड फ्रेंड' नव्हे, 'मेड फ्रेंड्स'. 'हिट ऑफ' नव्हे, 'हिट इट ऑफ', आणि त्यापुढे 'फ्रॉम द फर्स्ट डे'. 'फ्रॉम ट्वेंटी इयर्स' हा आपल्या 'वीस वर्षांपासून' या शब्दांचा ठसा आहे. येथे मैत्री आजही टिकून आहे असे सांगायचे असेल तर 'वुई हॅव बीन फ्रेंड्स फॉर ट्वेंटी इयर्स' असे म्हणावे लागते. आपण मात्र दुरावल्याचे लिहिले आहे, त्यामुळे 'वुई वर क्लोज फॉर मेनी इयर्स' हे अधिक खरे होईल. भाषेसोबत वस्तुस्थितीही तपासून पाहावी लागते ती अशी.

'लेट डाउन हर' याकडे विशेष लक्ष द्यावे. जेथे हे दोन शब्द विलग होऊ शकतात, तेथे 'हर', 'हिम', 'मी', 'देम' यांसारखे सर्वनाम नेहमी मध्ये बसते : 'आय लेट हर डाउन.' पूर्ण नाव असेल तर ते मध्येही चालते आणि शेवटीही चालते. याउलट 'लुक अप टू', 'काउंट ऑन', 'स्टँड बाय' हे विलग होत नाहीत, तेथे सर्वनाम शेवटीच येते : 'आय लुक अप टू हर', 'आय काउंट ऑन हर.' नियम घोकण्यापेक्षा 'लेट हर डाउन', 'चिअर हर अप', 'बॅक हर अप' अशी सर्वनामासह जोडणीच जिभेवर बसवावी. शेवटच्या वाक्यात 'ओपन अप' नंतर 'टू' राहिला : 'द पर्सन आय कॅन ओपन अप टू.' वाक्य 'टू'वर संपले तरी हरकत नाही.

उच्चाराबद्दलही सांगतो, कारण आपण ध्वनिमुद्रण करत आहात. 'वुई फेल आउट' म्हणताना जोर 'फेल'वर नसून 'आउट'वर येतो, आणि 'आय लेट हर डाउन' यात 'डाउन'वर येतो. 'हर' अगदी हलका, जवळजवळ गिळलेला असतो. आपण प्रत्येक शब्द सारख्याच ठाशीवपणे उच्चारतो, त्यामुळे शब्द बरोबर असूनही ऐकणाऱ्याला तो फ्रेझल व्हर्ब म्हणून चटकन उमगत नाही. मुद्रण पुन्हा ऐकून एवढी एकच गोष्ट तपासावी.

आपण चूक स्वतःकडे घेतलीत आणि त्यासाठी योग्य क्रियापद शोधलेत, हे वाचून मला समाधान वाटले.

उत्तर : श्रोता

तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे समोरच्याला बोलते करण्याला, अजून कोणी स्पर्श केलेला नाही, म्हणून लिहितो.

आमच्या सराव-गटात सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही तयारी करून घेतो. ऐकणाऱ्याने एक अट पाळायची असते : समोरच्याने वापरलेला फ्रेझल व्हर्ब उचलून त्याच्यावरच प्रश्न विचारायचा. 'वुई फेल आउट' असे कोणी म्हटले की 'व्हॉट डिड यू फॉल आउट ओव्हर?' 'वुई मेड अप' म्हटले की 'हू मेड द फर्स्ट मूव्ह?' 'वुई ड्रिफ्टेड अपार्ट' म्हटले की 'डू यू एव्हर थिंक ऑफ गेटिंग बॅक इन टच?' अशाने तोच प्रयोग एकदा भूतकाळात, एकदा मूळ रूपात, एकदा 'इंग' लावून कानावर पडतो, आणि संभाषणही तुटत नाही. प्रश्नांची छापील यादी वाचून दाखवली, की उत्तर कोणी ऐकतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, कोणी काही दुखरे सांगितले तर लगेच सल्ला देण्याची घाई करू नये. 'दॅट मस्ट हॅव बीन हार्ड' एवढे म्हणून क्षणभर थांबावे. मैत्रीवरच्या संभाषणात हे एक वाक्य मला अनेक वाक्प्रचारांपेक्षा मोलाचे वाटते.

सांगणाऱ्यासाठी '४-३-२' नावाचा सराव आहे, जो भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनामुळे भाषाशिक्षकांमध्ये परिचित झाला. एकच हकीकत पहिल्या श्रोत्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. श्रोता दर वेळी नवा असल्यामुळे कंटाळा येत नाही, आणि वेळ कमी होत गेल्यामुळे अडखळणे आपोआप गळू लागते. आपण पाच जण आहात, म्हणजे चार श्रोते हाताशी आहेत. तिसऱ्या फेरीत काय उरते ते जरूर पाहा. आमच्याकडे बहुतेकांच्या बोलण्यातून दोन मिनिटांच्या फेरीत उपमा निघून गेल्या आणि 'फेल आउट', 'मेड अप', 'लेट डाउन' तेवढे टिकले, कारण त्यांच्यावाचून हकीकत पुढे सरकत नव्हती.

हीच हकीकत दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा सांगावी. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते, आणि अंतराअंतराने उजळणी केल्यास ते अधिक टिकते हेही त्यांच्याच प्रयोगांतून पुढे आले. एका रात्रीत साठ शब्दांपेक्षा पंधरा दिवसांत सहा शब्द, हे प्रमाण मला योग्य वाटते.

प्रतिसाद : वाचनवेल

आज बैठक झाली. '४-३-२' प्रमाणे तीन जणांना हकीकत सांगितली. पहिल्या वेळी मी दोनदा 'लेट डाउन हर' म्हणून मग सुधारले, तिसऱ्या वेळी 'आय लेट हर डाउन' सहज आले आणि 'डाउन'वर जोरही आला. वाक्प्रचार एकच वापरला, 'वुई गो बॅक अ लाँग वे'.

तिसऱ्या श्रोत्याने, श्रोता यांनी लिहिला होता जवळजवळ तोच प्रश्न विचारला : 'हॅव यू थॉट ऑफ गेटिंग बॅक इन टच?' मी 'येस' म्हटले आणि त्यापुढे मला काही बोलता आले नाही. शब्द नव्हते म्हणून नव्हे. ती मैत्रीण आता परदेशी असते आणि तिच्या घरी इंग्रजीच बोलली जाते. तिला इंग्रजीतून दोन ओळी लिहाव्यात असे आज फार वाटत आहे, कारण मराठीत लिहायला घेतले की मी पुन्हा 'आपले बिनसले होते' असेच लिहीन. 'रीच आउट' हा शब्द वापरू का? 'बरी द हॅचेट' तर नक्कीच नको, हे कळले.

उत्तर : भाषामित्र

'रीच आउट' चुकीचा नाही, परंतु कार्यालयीन पत्रांत तो इतका वापरला जातो की जुन्या मैत्रिणीला थोडा परका वाटेल. आपली चूक स्पष्ट शब्दांत मान्य करणे आणि तिला उत्तर देण्याचे बंधन न वाटू देणे, या दोन गोष्टी साधल्या की पुरे. 'कॅच अप' मात्र अवश्य घ्यावा. मधल्या काळातले एकमेकींना सांगायचे राहून गेलेले सगळे त्या एका प्रयोगात येते. मी एवढेच लिहिले असते, बाकी आपल्या मनाप्रमाणे बदला :

'आय हॅव बीन थिंकिंग अबाउट यू. आय लेट यू डाउन बॅक देन, अँड आय नेव्हर सेड सो. आय ॲम सॉरी. इफ यू एव्हर फील लाइक कॅचिंग अप, आय वुड लव्ह टू हिअर फ्रॉम यू.'